युवा व समाज केंद्र : पैशांच्या नोंदी

१२ जानेवारी

समितीची पहिली बैठक. अकरा जण आले, त्यातले नऊ चाळिशीच्या पुढचे. युवा केंद्राच्या समितीत युवा दोनच, आणि ते दोघंही खुर्च्या लावायला आले होते म्हणून थांबले.

वास्तुविशारदांनी रेखाचित्रं दाखवली. मोठं सभागृह, वर अभ्यासिका, मागे दोन खोल्या, दर्शनी बाजूला सगळी काच. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

ही वही कुणालाही वाचायला खुली राहणार आणि पुढे निविदा मागवायच्या आहेत, म्हणून खरे आकडे इथे लिहायचे नाहीत असं ठरलं. नव्या इमारतीचा जो अंदाज आज हातात आला तो १०० भाग. पुढचे सगळे हिशोब याच मापात. कल्पना खजिनदारकाकांची.

१९ जानेवारी

पैसे कुठून येतील याची यादी केली. सरकारी अनुदान, पालिका, कंपन्यांचा सामाजिक निधी, धर्मादाय न्यास, बाहेर स्थायिक झालेले इथले लोक, घरोघरची वर्गणी. यादी लांबत गेली तशी बैठकीला रंगत चढली. मग काकांनी प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखले: कशासाठी देतात, कधी देतात, बदल्यात काय मागतात. तिसरा रकाना भरता भरता रंगत उतरली.

पहिल्या रकान्यात मात्र जवळजवळ सगळीकडे एकच शब्द आला: बांधकाम. वीजबिल भरायला, दार उघडायला, पोरांशी बोलायला माणूस ठेवायचा तर त्यासाठी पैसे देणारा यादीत एकच न्यास, आणि त्यांचीही मुदत तीन वर्षांची.

२ फेब्रुवारी

काकांनी घरी बसून वर्षाचा चालू खर्च काढून आणला. मी मागे 'साधारण चारेक भाग' असं तोंडी म्हणालो होतो. त्यांचा कागद असा: पूर्णवेळ युवा कार्यकर्ता ६, अर्धवेळ मदतनीस २, वीज-पाणी-इंटरनेट दीड, साफसफाई १, विमा अर्धा, किरकोळ दुरुस्ती दीड, साहित्य आणि उपक्रम १, लेखापरीक्षण आणि कागदपत्रं अर्धा. बेरीज १४.

खोल्यांच्या भाड्यातून आणि वर्गांच्या फीमधून, हात सैल न सोडता धरलं तर, ५ येतील. म्हणजे दरवर्षी ९ भागांचं भगदाड. अकरा वर्षांत आणखी एक इमारत झाली असती एवढं.

"हे आत्ताच कशाला? आधी इमारत तर होऊ द्या," असं एक सदस्य म्हणाले. काका काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि चष्मा पुसत बसले. ते चष्मा पुसायला लागले की पुढच्या बैठकीत काहीतरी येणार हे आता मला कळतं.

९ फेब्रुवारी

आज काकांच्या आधीच दुसरं कुणी बोललं. निवृत्त ग्रंथपालबाई रस्त्याने जाताना आवाज ऐकून आत आल्या. फळ्यावर १४ चा आकडा होता. त्यांनी विचारलं, "दहा टक्के धरलेत का?" कसले दहा टक्के, कुणालाच कळेना.

मग त्यांनी अमेरिकेतले पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचा व्यवहार समजावून सांगितला. १८८३ ते १९२९ या काळात त्यांच्या पैशांतून २,५०९ ग्रंथालयं उभी राहिली. मागणाऱ्या गावाला दोन गोष्टी कबूल कराव्या लागत. जागा गावाची. आणि इमारतीसाठी जेवढी रक्कम मिळेल तिच्या दहा टक्के रक्कम गावानं दरवर्षी स्वतःच्या तिजोरीतून ग्रंथालय चालवायला काढायची. काही गावांनी या अटीपायी पैसे नाकारले. काहींनी घेतले आणि अट पाळली नाही. कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्रम आलेल्या नकाशांमधली वायफळ जागा हुडकून काढत. भपकेदार प्रवेशमंडप त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १९११ साली त्यांनी ग्रंथालयांच्या इमारती कशा असाव्यात याचं एक टिपणच छापलं आणि मागणी करणाऱ्यांना ते पाठवू लागले.

"तुमचे तर चौदा होतात," बाई म्हणाल्या. "आणि ती काच पुसणार कोण?"

बाईंना समितीत घेतलं. ठराव एकमतानं. काच कोण पुसणार हे मात्र इतिवृत्तात घालू नका, अशी वास्तुविशारदांची विनंती होती. इतिवृत्तात घातलं नाही, इथे घातलं.

१६ फेब्रुवारी

माझी चूक, स्वच्छ लिहितो. १०० चा अंदाज कर सोडून होता. मी विचारलंच नव्हतं. त्यात अकस्मात खर्चाची तरतूदही नव्हती. कर आणि दहा टक्के तरतूद धरली तर १२८. यापुढे कुठलाही आकडा वहीत लिहिताना पुढे 'कर धरून' की 'कर सोडून' ते लिहायचं. कागदावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. ते माझ्यासारख्याला दिसत नाही.

२ मार्च

पाहणी. आम्ही मोठ्यांनी केलेली प्रश्नावली फुकट गेली. 'आपणास केंद्रात कोणत्या सुविधा हव्यात?' याला पोरांनी जिम, कॅफे, टर्फ असं लिहून दिलं, म्हणजे ऑर्डर दिल्यासारखं. समितीतल्या त्या दोघांपैकी मुलीनं सगळे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाली, "दादा, असं विचारलं तर मीपण हेच लिहीन."

तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं बसथांब्यावर आणि क्लासच्या बाहेर उभं राहून एकच प्रश्न विचारला: काल संध्याकाळी सहा ते नऊ तू कुठे होतास, आणि कुठे असायला आवडलं असतं? उत्तरांचं टाचण तिनं आज वाचून दाखवलं. बरेच जण दुकानांच्या बंद शटरपाशी बसतात. मुली घरात. घरात बसून अभ्यास होत नाही, कारण एकाच खोलीत टीव्ही. 'काय करतोयस' असं दर दहा मिनिटांनी कुणी विचारणार नाही अशी जागा हवी. मुलींचं म्हणणं अधिक नेमकं होतं: तिथपर्यंतच्या रस्त्यावर दिवे, स्वतंत्र स्वच्छतागृह, आणि आत ओळखीची मोठी बाई. उघडं कधीपर्यंत? साडेनऊपर्यंत.

सभागृह कुणीच मागितलं नाही. रेखाचित्रातला निम्मा भाग सभागृहाचा आहे.

१५ मार्च

एका मोठ्या देणगीदाराकडे गेलो होतो. ३० भाग द्यायला तयार. अटी: नवी इमारत, दर्शनी भिंतीवर वडिलांचं नाव, सभागृहाला आईचं नाव, उद्घाटन ते सांगतील त्या तारखेला. नावांना माझी हरकत नाही. माणूस आईवडिलांच्या नावानं देतो यात वाईट काय? मी चालू खर्चाचं विचारलं. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "पगाराला मी पैसे देत नाही. पगार दिसत नाही."

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. ३० भाग म्हणजे १२८ मधले ३०. उरलेले ९८ आणि वर दरवर्षी ९. हे मी मनात तीनदा मोजलं, दर वेळी तेवढंच आलं.

२३ मार्च

पालिकेचं जुनं कोठार पाहिलं. बरीच वर्षं बंद. भिंती जाड आणि सरळ, छप्पर गळकं, जमीन बरी, वायरिंग सगळंच काढून टाकावं लागेल. मुख्य रस्त्यापासून दोन मिनिटं, आणि रस्त्यावर दिवे आहेत. सभागृह होणार नाही, पण एक मोठी खोली, दोन लहान, एक ऑफिस आणि स्वच्छतागृहं बसतात.

स्थापत्यशास्त्र शिकणारा एक मुलगा सोबत होता. आत शिरताच त्यानं फोनवर ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या 'सेस्क पोंपेया' या समाजकेंद्राची चित्रं काढली. जुना पिंपांचा कारखाना पाडून तिथे नवं केंद्र बांधायचं ठरत होतं. वास्तुविशारद लीना बो बार्दी पाहायला गेल्या तेव्हा आत मुलं खेळत होती, कुटुंबं जमली होती. त्यांनी कारखाना ठेवला आणि त्यातच केंद्र केलं. ते १९८२ साली सुरू झालं. आमच्या ग्रंथपालबाईंनी लगेच हल हाउसचं नाव काढलं. शिकागोत १८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी सुरू केलेलं ते केंद्रही एका जुन्या राहत्या घरातच सुरू झालं होतं, आणि ज्यांच्याकडे त्या घराची मालकी होती त्या हेलन कल्व्हर यांनी पुढे भाडं घेणं सोडलं.

मला 'सेस्क'बद्दल वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ब्राझीलमध्ये ही संस्था १९४६ पासून व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या मालकांकडून पगारपत्रकाच्या दीड टक्का सक्तीच्या वर्गणीवर चालते. म्हणजे तिथे बो बार्दींच्या हातात इमारत आली तेव्हा ती चालवण्याचा पैसा आधीच ठरलेला होता. आमच्याकडे कोठार आहे, दीड टक्का नाही.

३० मार्च

कोठाराचा अंदाज आला. दुरुस्ती कर धरून, दहा टक्के तरतूद धरून ४१. चालू खर्च साडेदहा: पगार तेवढेच ८, बाकी सगळं अडीच. जागा लहान, काच नाही.

६ एप्रिल

मतदान. तीन तास चाललं. नव्या इमारतीच्या बाजूचं म्हणणं हलकं नव्हतं. 'जुन्यात गेलो की पुढची वीस वर्षं जुन्यातच राहू' असं ज्यांनी म्हटलं ते चूक आहेत असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'हातातले ३० कोण सोडतं?' हाही प्रश्न खराच.

बाजू फिरली ती बाईंनी जपानमधल्या 'कोमिनकान'बद्दल सांगितल्यावर. युद्धानंतर, १९४६ साली, शिक्षण खात्यानं गावोगावी अशी लोकसभागृहं व्हावीत असं सुचवलं. पैसा नव्हता, इमारती जळालेल्या. तेव्हा शाळेत, देवळात, मिळेल त्या छपराखाली ती सुरू झाली. छप्परही नसलेल्यांना लोक 'निळ्या आभाळाचं कोमिनकान' म्हणत. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्यानं त्यांना पालिकांच्या व्यवस्थेत जागा मिळाली. आधी माणसं आणि उपक्रम, मग कायदा आणि भिंती.

कोठाराच्या बाजूनं ८, विरुद्ध ३, मी तटस्थ राहिलो नाही. देणगीदारांना मीच फोन केला. त्यांनी शुभेच्छा दिल्या. ३० भाग गेले.

नवा हिशोब: दुरुस्ती ४१. चालू खर्च साडेदहा वजा उत्पन्न ४, म्हणजे वर्षाला साडेसहा, तीन वर्षांचे साडेएकोणीस. एकूण साडेसाठ. समितीचा ठराव: तीन वर्षांच्या तुटीची सोय कागदावर दिसल्याशिवाय छपराला हात लावायचा नाही. हा ठराव काकांनी आधीच टाइप करून आणला होता. चष्मा पुसला होता ना.

२० एप्रिल

पालिकेबरोबर भाडेपट्टा. त्यांनी आधी ११ महिन्यांचा करार पुढे केला, 'दरवर्षी वाढवूच की' असं म्हणून. अनुदान देणारे अशा करारावर बांधकामाला एक पैसा देत नाहीत. त्यांचे पैसे ज्या भिंतीत जातात ती भिंत निदान त्यांच्या अटीच्या काळापुरती आमच्या ताब्यात राहिली पाहिजे. मागणी २५ वर्षांची ठेवली आहे.

४ मे

भाडेपट्ट्याची फाइल टेबलावर आहे.

११ मे

फाइल दुसऱ्या टेबलावर आहे.

२५ मे

२० वर्षांवर तडजोड. नोंदणी झाली. भाडं नाममात्र, पण छपराची जबाबदारी आमची. हे कलम चौथ्या पानावर होतं आणि या वेळी मी वाचलं. चालू खर्चातला दुरुस्तीचा भाग त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायचा आणि त्याला 'छप्पर' असं नाव द्यायचं. 'राखीव निधी' म्हटलं की कुणीतरी उसनं मागतं. छपरातून उसनं मागायला माणूस लाजतो.

१ जून

अनुदानाचा अर्ज गेला. मंजूर झालं तर खर्चाच्या ६० टक्के, पण कमाल २४. उरलेले १७ आपण उभे करायचे आणि निम्मे तरी बँकेत दाखवायचे. यालाच जुळणी म्हणतात.

न्यासाकडेही अर्ज. ते पगाराला देतात, पण उतरत्या क्रमानं: पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या ४, तिसऱ्या २. एकूण १२. म्हणजे साडेएकोणीसमधले साडेसात आपल्याला महिन्याच्या वर्गणीतून काढायचे. तूट पहिल्या वर्षी अर्धा, दुसऱ्या अडीच, तिसऱ्या साडेचार. पहिलं वर्ष इतकं सोपं दिसतं की त्यातच फसायला होतं. म्हणून महिन्याची वर्गणी पहिल्या दिवसापासून पुरती मागायची आणि उरलेलं तिसऱ्या वर्षासाठी बाजूला टाकायचं.

१५ जून

बाहेर स्थायिक झालेल्यांकडून ८ जमले. हे गुपचूप केलं. मोठ्या रकमा आधी शांतपणे गोळा करायच्या आणि बऱ्यापैकी आकडा हातात आल्यावरच जाहीर आवाहन करायचं, अशी निधी उभारणाऱ्यांची जुनी रीत आहे. शून्यावरचा फलक पाहून कुणाचा हात खिशात जात नाही.

२२ जून

उरलेल्या ९ साठी घरोघर. पोरांनी पावती पुस्तकं वाटून घेतली. बैठकीत वाद: एवढ्या छोट्या रकमांच्या पावत्या फाडायच्या का? काकू म्हणाल्या, पावतीचा कागद महाग पडेल.

इथे मी जोसेफ पुलित्झरचं उदाहरण दिलं. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले. पुतळा फ्रान्समधून येणार, आणि उभा करायला चौथरा अर्धवट. पुलित्झरनं आपल्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात जाहीर केलं की कितीही लहान रक्कम द्या, देणाऱ्याचं नाव छापीन. पाच महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर जमले, देणारे लाखाहून जास्त, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षा कमी दिलेले. नाव छापून येतं म्हणून लोकांनी वर्तमानपत्र विकत घेतलं आणि त्याचा खपही वाढला, हे मी बैठकीत सांगितलं नाही, इथे सांगतो.

ठरलं: प्रत्येक पावती फाडायची, प्रत्येक नाव फळ्यावर, रक्कम न लिहिता, आणि क्रम आडनावांच्या अकारविल्हे. 'नाव नको' म्हणणाऱ्याचं लिहायचं नाही. फळा कोठाराच्या दाराला टांगला आहे. रोज संध्याकाळी लोक येऊन आपलं नाव शोधतात, शेजाऱ्याचं आहे का तेही बघतात.

१३ जुलै

कबूल झालेले साडेअकरा, प्रत्यक्ष आलेले ९. शंभरातले ७८. काका म्हणतात हे चांगलं आहे. 'देतो' म्हणणारा खोटं बोलत नसतो, तो त्या क्षणी खरंच देत असतो. महिनाअखेर मध्ये येते. यापुढे हिशोबात फक्त आलेले पैसे धरायचे, कबूल झालेल्यांसाठी पेन्सिल.

१७ पूर्ण. महिन्याची वर्गणी देणारे मात्र अजून पाहिजे त्याच्या निम्मेच.

२७ जुलै

आजची बैठक भाड्यावर, आणि आत्तापर्यंतची सगळ्यात कडू. उत्पन्नाच्या ४ भागांवर कुणी समाधानी नव्हतं. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी मोठी खोली खासगी समारंभांना दिली तर साडेपाच होतात. दीड भाग. महिन्याच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांना हा दीड भाग फार मोठा वाटतो, आणि तो मोठा आहेच.

पण समारंभ म्हणजे फक्त ती संध्याकाळ नसते. आदल्या दुपारी सजावट, दुसऱ्या सकाळी आवराआवर, मध्ये पोरांना 'आज नाही' असं सांगणं. दोन-तीनदा 'आज नाही' ऐकलं की पोरगं चौथ्यांदा येऊन बघत नाही. अशी केंद्रं मी पाहिली आहेत. नाव युवा केंद्र, दाराला कुलूप, आणि कुलपाच्या वर बुकिंगचा फोन नंबर. त्यांची वही फायद्यात असते.

उलट बाजूही खरी आहे. सकाळी दहा ते दुपारी चार खोल्या रिकाम्या राहिल्या तर वीज नसली तरी विमा आणि पगार चालूच असतात. त्या वेळेत ज्येष्ठांचा गट, बाळांचं वजन घेणारी आरोग्यसेविका, शिवणवर्ग, संस्थांच्या सभा हे सगळं बसतं, आणि केंद्राच्या नावात 'समाज' आहे तो याच्यासाठीच.

दोन तास भांडून ठरलं ते असं. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी, पाच ते साडेनऊ, विक्रीला नाहीत; कुणालाही, कितीही भाड्याला, समितीच्या अध्यक्षांच्या घरच्यांनाही नाही. बाकी वेळेला तीन दर: फी न घेणारे गट, फी घेणारे वर्ग, आणि कंपन्या किंवा खासगी वापर. पहिल्यांना पडतळ खर्चात, तिसऱ्यांना बाजारभावात. उत्पन्न ४ च धरायचं.

अध्यक्षांच्या घरच्यांचं वाक्य अध्यक्षांनीच घालायला लावलं. त्यांच्या पुतणीचा साखरपुडा आहे.

३ ऑगस्ट

दोन्ही मंजुऱ्या आल्या. अनुदान २४, न्यासाचे १२.

१० ऑगस्ट

मंजुरीपत्र नीट वाचलं. अनुदान 'खर्च करा, पावत्या द्या, मग मिळेल' या पद्धतीचं. शिवाय प्रत्येक हप्त्यातले १० टक्के शेवटच्या लेखापरीक्षणापर्यंत ते रोखून ठेवणार. कंत्राटदाराला आम्ही ३० दिवसांत पैसे द्यायचे, आमचे दावे मंजूर व्हायला साधारण ९० दिवस. म्हणजे मंजूर झालेले २४ भाग आहेत आणि हातात नाहीत.

काकांनी महिन्यांचा तक्ता मांडला. काय जाणार, काय येणार, महिन्याच्या शेवटी काय उरणार. सगळ्यात खोल खड्डा सातव्या महिन्यात, उणे ८. वर्षाच्या बेरजेत सगळं जुळतं. सातव्या महिन्यात मात्र आपण बुडतो.

१८ ऑगस्ट

अनुदान खात्याला पत्र लिहिलं: २० टक्के अग्रिम मिळेल का? नियमावलीत तशी सोय आहे, पण 'विनंतीवरून'. म्हणजे जो मागेल त्याला. मिळतील ते ४.८. तीन सदस्यांनी मिळून साडेतीन भाग बिनव्याजी द्यायचं ठरवलं, वर्षाच्या मुदतीनं, रीतसर लेखी. लेखी करायला एक सदस्य दुखावले, "माझ्यावर विश्वास नाही का?" काका म्हणाले, "तुमच्यावर आहे, माझ्या स्मरणशक्तीवर नाही." ४.८ आणि ३.५ मिळून ८.३. खड्डा भरतो, वर बोटभर.

न्यासाच्या पगाराच्या पैशांना या खड्ड्यात वापरायची सूचना आली होती. नाही. ते निर्दिष्ट पैसे आहेत, वेगळ्या खात्यात आहेत, आणि एकदा त्यातून 'तात्पुरते' उचलले की पगाराच्या दिवशी कार्यकर्तीला काय सांगायचं?

३१ ऑगस्ट

निविदा उघडल्या. सगळ्यात कमी निविदा अंदाजाच्या आत, पण तिच्यात रॅम्प नाही. विचारलं तर 'तो वाचवण्यासारखा आहे'. जोतं ४५ सेंटिमीटर, चढ १ ला १२, म्हणजे ५.४ मीटर लांब रॅम्प, अधिक वर-खाली सपाट जागा. जागा खातो हे खरं. रॅम्प घालून पुन्हा किंमत मागवली. तरीही तीच निविदा कमी ठरली. दारं बाहेर उघडणारी पाहिजेत हेही लिहून दिलं.

१४ सप्टेंबर

काम सुरू. छप्पर उघडलं. एक वासा आतून पोखरलेला निघाला. दहा टक्के तरतुदीतून पहिला खर्च झाला, पहिल्याच आठवड्यात.

२१ सप्टेंबर

युवा कार्यकर्तीची निवड. काही जणांचं म्हणणं, इमारत व्हायला अजून वेळ आहे, तोवर पगार का चालू करायचा? मी इंग्लंडमधल्या युवा सेवेवरच्या अल्बमार्ल समितीच्या १९६० च्या अहवालाचा दाखला दिला. त्या समितीनं युवा केंद्रांच्या इमारतींसाठी पैसा मागितला तेव्हाच पूर्णवेळ कार्यकर्त्यांची संख्या ७०० वरून १९६६ पर्यंत १,३०० करावी असंही म्हटलं. त्यांच्या प्रशिक्षणासाठी लेस्टरला खास महाविद्यालय निघालं. तिथेच २०१० नंतर स्थानिक संस्थांचा पैसा आटला आणि कित्येक केंद्रं बंद झाली, त्यांच्या भिंती ठीकठाक असताना.

कार्यकर्ती पुढच्या महिन्यापासून येणार. पहिले दोन महिने शाळेच्या पडवीत बसेल. निळ्या आभाळाचं म्हणा.

१२ ऑक्टोबर

पडवीत संध्याकाळी बावीस जण. मुली नऊ. कार्यकर्ती म्हणते कुणाला काही शिकवलं नाही, फक्त कॅरम आणि दोन टेबलं मांडली.

पहिला दावा अनुदान खात्याला पाठवला. एक पावती परत आली: तारीख मंजुरीपत्राच्या आदल्या दिवसाची. ती रक्कम आपल्या अंगावर.

२ नोव्हेंबर

छप्पर पूर्ण. मोठी खोली वापरण्यासारखी, लहान खोल्यांची वायरिंग चालू. कामाची आणि वापराची बाजू मध्ये पत्रा लावून वेगळी केली, विम्यात तसं लिहून घेतलं. उद्घाटन केलं नाही. कार्यकर्तीनं पाच वाजता दार उघडलं, एवढंच.

१६ नोव्हेंबर

महिन्याच्या वर्गणीत पाहिजे त्याच्या पाच-सप्तमांशापर्यंत आलो. दोन जणांनी बंदही केली, एकानं कारण सांगितलं, एकानं नाही.

२३ नोव्हेंबर

केंद्राच्या नावावरचं पहिलं वीजबिल आलं. काकांनी ते वहीत चिकटवलं, रक्कम अंदाजापेक्षा थोडी कमी. तेवढ्यात तो दुसरा युवा सदस्य, खुर्च्या लावणारा, दारात येऊन उभा राहिला.

"काका, गुरुवारी बंद का असतं?"

"पाच संध्याकाळींचेच पैसे आहेत."

"सहावीचे किती?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'गुरुवार' घातला आहे.